वजनाचं ऑपरेशन ठरलंय? मग आधी झोपेचं बघा

झोपेच्या तपासणीला आलेला माणूस सकाळी सहाला उठला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, मला तर रात्रभर झोपच लागली नाही." मी शेजारच्या खोलीत बसून रात्रभर त्याच्या मेंदूच्या लहरी बघितलेल्या असतात. तो सव्वापाच तास झोपलेला असतो आणि तेवढ्यात त्याचा श्वास तीनशेच्या वर वेळा अडकलेला असतो. खोटं दोघांपैकी कोणीच बोलत नसतं. इतक्या वेळा दचकून वर आलेल्या मेंदूला ती झोप वाटणार तरी कशी?

मी मुंबईतल्या एका स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. हल्ली आमच्याकडे वजनाच्या ऑपरेशनआधी पाठवलेले लोक बरेच येतात. बहुतेक जण वैतागलेले असतात. "ऑपरेशन पोटाचं, मग झोपेची तपासणी कशाला? बिल वाढवायला?" आणि ऑपरेशन होऊन सात-आठ महिने झाले की त्यांच्यातल्याच काहींचा फोन येतो, "वजन तीस किलो उतरलं. आता झोपेतलं श्वासाचं मशीन काढून टाकायचंय, कोणी गिऱ्हाईक आहे का?" या दोन प्रश्नांच्या मधे काय काय करायचं असतं, ते इथे क्रमाने सांगते. औषधं आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण डॉक्टरांच्या केबिनमध्ये दहा मिनिटांत जे विचारायचं राहून जातं, ते इथे सापडेल.

घशात काय होतं

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोप लागली की ते सैलावतात. वजन वाढतं तेव्हा चरबी फक्त पोटावर साठत नाही, ती जिभेत आणि घशाच्या भिंतींतही साठते. त्यात उताणं झोपलं की पोटाचा भार छातीखालच्या पडद्यावर येतो, फुप्फुसं पुरती फुलत नाहीत आणि घशाची नळी आणखी सहज मिटते. अर्धवट मिटली की घोरणं, पूर्ण मिटली की श्वास बंद. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस मोठ्याने खरडल्यासारखा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. हाच अडथळ्याचा स्लीप ॲप्निया.

आपल्याकडे एक गोष्ट अजून. बऱ्याच आशियाई लोकांचा जबडा लहान किंवा मागे असतो, त्यामुळे युरोपातल्या माणसापेक्षा कमी वजनातही आपला घसा अडतो. म्हणून "मी काही तेवढा जाड नाही" या वाक्यावर विसंबू नका.

संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण सांगताना याच आजाराचं नाव घेतलं होतं. त्यानंतर काही आठवडे आमच्याकडे फोन वाढले होते. मग पुन्हा सगळे निवांत घोरायला लागले.

पहिली चाचपणी घरीच

आठ प्रश्न आहेत, जगभर भूलतज्ज्ञ हेच वापरतात. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतकं घोरता का? दिवसा थकवा, पेंग असते का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का? बीपी आहे किंवा त्याची गोळी चालू आहे का? बीएमआय (वजन-उंचीचा हिशेब, तो पुढे दिलाय) ३५ च्या वर आहे का? वय ५० च्या वर? गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर? पुरुष आहात का? प्रत्येक "हो" ला एक गुण. तीन किंवा जास्त आले तर तपासणी करावी, पाच किंवा जास्त आले तर टाळूच नये. गळा शिंप्याच्या टेपने मोजा, शर्टाच्या कॉलरच्या आकड्यावर जाऊ नका.

पेंगेचा प्रश्न मुंबईकर हमखास चुकीचा सोडवतो. कल्याण फास्टमध्ये दांडीला लटकून झोपणारा माणूस आपल्याला नवा नाही, त्यामुळे "ट्रेनमध्ये सगळेच झोपतात" असं म्हणून तो शून्य गुण देतो. मी विचारते: रविवारी दुपारी जेवण न करता नुसतं पेपर वाचत बसलात तर डोळा लागतो का? समोर माणूस बोलत असताना? सिग्नलला गाडी उभी असताना? शेवटच्याचं उत्तर "हो" असेल, तर तपासणी होईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हातात द्या. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवणाऱ्यांना हे सांगताना मला वाईट वाटतं, पण सांगते.

आणि बायकांचं. त्यांचा त्रास बहुतेकदा घोरण्याच्या तक्रारीतून येतच नाही. सकाळी डोकं जड, रात्री तीन-चारदा बाथरूम, "झोप लागत नाही", चिडचिड, अशी त्याची रूपं. आपली बायको घोरते हे नवरा मित्रांत हसून सांगतो, पण डॉक्टरसमोर बोलत नाही, आणि ती स्वतः तर नाहीच नाही. एकाच खोलीत चार जण झोपणाऱ्या घरात साक्षीदारांची वाण नसते. कोणाला तरी मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा. रात्री दोन ते पाचच्या मधला हवा, पहाटेकडची झोप जास्त फसवी असते.

तपासणी: कुठे आणि कशी

छातीरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसातज्ज्ञ किंवा ज्या सर्जनकडे ऑपरेशन ठरतंय ते, कोणीही ही तपासणी लिहून देऊ शकतात. खासगीत खर्च जड वाटत असेल तर केईएम, सायन, नायर, जेजे यांच्या छातीरोग ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. तारीख लांबची मिळेल. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी हे काम करायचं.

तपासणी दोन प्रकारची. लॅबमध्ये एक रात्र राहायचं: डोकं, डोळे, हनुवटी, छाती, पाय, बोट, नाक, सगळीकडे वायरी आणि पट्टे. दुसरी घरी करायची: नाकाला नळी, छाती-पोटाला पट्टा, बोटाला क्लिप. घरची स्वस्त आणि सोयीची, पण तिची एक खोट लक्षात ठेवा. ती मेंदूच्या लहरी मोजत नाही, म्हणजे तुम्ही खरंच झोपलात की छताकडे बघत पडलात हे तिला कळत नाही. एकूण अडथळ्यांना ती नोंदीच्या सगळ्या तासांनी भागते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. घरच्या तपासणीत आकडा २६-२७ आला (३० पासून आजार गंभीर धरतात) आणि त्रास मात्र भरपूर असला, तर लॅबमधली करायला सांगा. विम्याच्या भागात हा फरक पैशाचा कसा होतो ते पुढे येईल.

लॅबला येताना केस धुऊन या आणि तेल लावू नका. हे मी प्रत्येकाला फोनवर सांगते आणि तरी महिन्यातून दोन-तीन डोकी खोबरेल तेलाने चमकत येतातच. मग पेस्ट चिकटत नाही आणि रात्री एकला मला वायर परत लावायला आत यावं लागतं. नखाचं पॉलिश काढा. दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा-कॉफी नको, त्या दिवशी दारू नको. रोजच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, झोपेची गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःची उशी आणली तरी चालते.

रिपोर्टमधला मुख्य आकडा म्हणजे दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला, तो. अडथळा दहा सेकंदांचा तरी असावा लागतो. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर गंभीर. साठ म्हणजे दर मिनिटाला एक. याशेजारी आणखी दोन गोष्टी बघा: ऑक्सिजन सर्वात खाली किती गेला, आणि उताण्या झोपेतला आकडा वेगळा किती. वजनाच्या ऑपरेशनआधी तपासणीला येणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त जणांना हा आजार निघतो आणि त्यांतल्या अनेकांना तो असल्याचं माहीतही नसतं.

रक्ततपासणीत बायकार्बोनेट नावाचा एक साधा, स्वस्त आकडा असतो. तो २७ किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा. काही जणांत नुसता घसा अडत नाही, श्वासच एकूण उथळ पडतो आणि दिवसासुद्धा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. अशांची भुलेची तयारी वेगळी असते आणि त्यांना कधी साध्या सीपॅपऐवजी (हवेच्या दाबाचं मशीन, त्याचं पुढे येईल) श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं बायपॅप लागतं.

ऑपरेशन कोणाला, आणि विमा कोणाला

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६५ सेंटिमीटर धरली तर ७५ किलोला साधारण २७.५, ९५ किलोला ३५ आणि १०९ किलोला ४०.

वजनाच्या ऑपरेशनच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये निकष बदलले. बीएमआय ३५ किंवा वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवता येतं. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखे आजार असतील तर विचार करता येतो. आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच चर्चा सुरू करता येते. हे झालं डॉक्टरांचं. विमा कंपनी याहून बरीच वर उभी असते.

विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळण्याच्या अटींची एकसारखी भाषा ठरवून दिली. तिच्यातली सहाव्या क्रमांकाची अट लठ्ठपणाची. पॉलिसीत "एक्सक्लुजन कोड ०६" असं शोधा. एरवी वजनाच्या उपचारांना पैसे मिळत नाहीत. पण डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय प्रोटोकॉलचा आधार आणि वय १८ पूर्ण हे तीन असतील, आणि बीएमआय ४० किंवा वर असेल, अथवा ३५ किंवा वर असून ठरावीक गंभीर आजार असेल व वजन उतरवायचे साधे उपाय फसलेले असतील, तर दार उघडतं. ते गंभीर आजार चारच: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह आणि गंभीर स्लीप ॲप्निया.

म्हणजे बीएमआय ३७ असलेल्या माणसाच्या फाइलमध्ये झोपेचा रिपोर्ट हा सगळ्यात वजनदार कागद ठरू शकतो. "गंभीर" हा शब्द आणि ३० किंवा वरचा आकडा त्यावर स्पष्ट हवा. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचा दावा पहिल्यांदा परत आला तो केवळ रिपोर्टवर "घोरणे व झोपेचा विकार" असं मोघम लिहिलं होतं म्हणून. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, जिमच्या पावत्या, वजनाच्या जुन्या नोंदी फेकू नका. साधे उपाय फसले हे दाखवायला त्या लागतात. प्रतीक्षा काळ पॉलिसीनुसार बदलतो. पूर्वमंजुरी लेखी घ्या, टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) माणसाचं तोंडी "होऊन जाईल" धरून चालू नका.

ऑपरेशनचा प्रकार थोडक्यात. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. वजन बायपासने थोडं जास्त उतरतं, जीवनसत्त्वांची काळजीही जास्त लागते. झोपेच्या बाबतीत एकाने दुसऱ्यावर ठळक मात केलेली नाही. मात्र छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं जोरात असेल तर सर्जन सहसा स्लीव्हपासून दूर राहतात, कारण ती स्लीव्हनंतर वाढू शकते. हा त्रास ॲप्नियावाल्यांत बराच दिसतो, तेव्हा स्वतःहून सांगा.

मशीनशी मैत्री, ऑपरेशनच्या आधी

इथेच लोक सगळ्यात जास्त घाई करतात, म्हणून जरा थांबते.

सीपॅप म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र. सिडनीतल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते पहिल्यांदा वापरलं, व्हॅक्युम क्लीनरसारखी हवा फेकणारी मोटर जोडून, आणि १९८१ मध्ये जगापुढे मांडलं. आजचं मशीन टिफिनच्या डब्याएवढं आणि पंख्यापेक्षा शांत असतं. ते ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा दाबाने देतं. घरी ऑक्सिजनचा सिलिंडर लावला की ॲप्निया बरा होतो हा समज चुकीचा आहे.

मध्यम किंवा गंभीर आजार निघाला तर ऑपरेशनआधी निदान काही आठवडे मशीन वापरायला सांगतात. या काळात बीपी सुधारतं, घशाची सूज उतरते, आणि मुख्य म्हणजे मास्क लावून झोपायची सवय होते. भुलेतून उठल्यावर, पोटात टाके असताना, आयुष्यात पहिल्यांदा मास्क लावायची वेळ येऊ नये.

पहिल्याच रात्री मास्क लावून थेट झोपू नका. संध्याकाळी मालिका बघताना अर्धा तास मास्क घालून बसा, मशीन चालू ठेवून. तीन-चार दिवस असं केलं की चेहऱ्याला ओळख पटते. मग दुपारच्या डुलकीला, मग रात्री. मास्क दुकानात बसून नाही, आडवं पडून, दाब चालू करून निवडा. बसल्या जागी घट्ट बसणारा मास्क कुशीवर वळलं की फुसफुसतो. तोंड उघडं राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा बघा. भरघोस मिशीवाल्यांना नाकपुडीत बसणारा छोटा प्रकार सोपा जातो. मशीन लगेच विकत घ्यायलाच हवं असं नाही. मुंबईत ते महिन्याच्या भाड्याने मिळतं, आणि ऑपरेशननंतर दाब बदलणारच असतो, तेव्हा निदान सुरुवात भाड्याने करणं शहाणपणाचं. घ्यायचंच तर दाब आपोआप कमी-जास्त करणारं घ्या.

आपल्या हवेचं सांगायला हवं. रस्त्याकडेला किंवा बांधकामाशेजारी राहत असाल तर फिल्टर पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधीच काळा पडतो, बघून बदला. पावसाळ्यात नळीत बुरशीचा वास धरतो. मास्कची गादी रोज साध्या साबणाने, नळी आठवड्याला, आणि सावलीत टांगून पूर्ण वाळवायची. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या टाकीत, डिस्टिल्ड पाणी, सकाळी उरलेलं ओतून टाकायचं. वीज जाणाऱ्या भागात, विशेषतः कल्याण-डोंबिवली किंवा वसई-विरारकडे, इन्व्हर्टरवर मशीन चालेल का ते विक्रेत्याला आधी विचारा.

मशीनच्या पडद्यावर किंवा ॲपवर रोजचे तास, मास्कमधून होणारी हवेची गळती आणि उरलेले अडथळे दिसतात. उरलेला आकडा ५ च्या खाली हवा. चार तासांचं वापर-लक्ष्य तुम्ही कुठेतरी वाचाल, तो हिशेबापुरता किमान आकडा आहे. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि श्वास तेव्हाच सगळ्यात वाईट अडतो. पहाटे दोनला मास्क काढून ठेवणारा माणूस नेमकी तीच वेळ उघडी टाकतो.

दवाखान्याच्या पिशवीत काय

स्वतःचं मशीन, स्वतःचा मास्क, नळी, एक्स्टेन्शन बोर्ड, मशीनवर नावाची चिठ्ठी, झोपेच्या रिपोर्टची आणि मशीनच्या सेटिंगची प्रत. "आमच्याकडे मशीन असतं" असं कोणी म्हटलं तरी मास्क आपलाच न्या.

भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा ॲप्निया आहे, मशीन वापरतो, आकडा अमुक, हे तुम्ही सांगा. फाइलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नका. वजनाचं इंजेक्शन घेत असाल तर शेवटचा डोस कधी घेतला ते सांगाच, कारण त्या औषधांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि भुलेत उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. विचारायचं ते इतकंच: वेदनेसाठी अफूवर्गातली औषधं कमीत कमी ठेवता येतील का? पहिल्या रात्री बोटाला ऑक्सिजनची क्लिप सतत राहील का? मशीन कधी लावायचं?

अफूवर्गातली औषधं श्वासाची ओढ कमी करतात आणि घसा सैल पाडतात. निरोगी माणूस ते सोसतो. ॲप्नियावाल्याचा घसा आधीच काठावर असतो, म्हणून पॅरासिटामॉल, टाक्याच्या जागी बधिरीचं इंजेक्शन असे मार्ग जास्त वापरतात. डोकं तीसेक अंश वर ठेवून झोपवतात. मशीन फक्त रात्री नाही, दुपारी डोळा लागला तरी लावायचं. सोबतीला राहणाऱ्याला हे नीट समजावून ठेवा, कारण रात्री तीनला तुमच्यापेक्षा त्याच्या लक्षात राहील.

एक भीती जवळजवळ प्रत्येकाला असते: मशीनच्या हवेने पोट फुगून टाके उसवतील. अभ्यासांत असं दिसलेलं नाही. मशीन वापरणाऱ्यांत जठर-आतड्याच्या टाक्यांतून होणारी गळती जास्त आढळलेली नाही. मशीन न लावण्यातला धोका मात्र खरा आहे.

घरी आल्यावर नाडी १२० च्या वर राहणं, ताप, धाप, खांद्यात नवं दुखणं, पोट कडक होणं, पाणीही न टिकणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच फोन करा.

पहिले काही महिने

खाण्यापिण्याचा तक्ता आहारतज्ज्ञ देतील: आधी पातळ, मग घट्ट पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, मग नेहमीचं. मी फक्त आपल्या घरांत होणारी एक चूक सांगते. आजी प्रेमाने वरणाचं पाणी आणि पेज देत राहते. त्यात प्रथिनं नावापुरती असतात. रोज निदान ६० ग्रॅम हवीत. एका अंड्यात सहाच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीर किंवा माशात अठरा-वीस. शाकाहारी असाल तर पावडरशिवाय भागणं अवघड आहे. पहिलं वर्ष साबुदाण्याचे उपवास सोडा, आणि बायपास झाला असेल तर मोदकाच्या सारणापासून सांभाळून, गोडाने घाम फुटून गरगरायला लागतं. सतत उलट्या होत असतील तर बी१ जीवनसत्त्व झपाट्याने उतरतं. तो दुर्लक्ष करण्याचा विषय नाही. बीपी आणि मधुमेहाच्या गोळ्या वजनाबरोबर कमी कराव्या लागतात, त्यांचा फेरविचार लवकर-लवकर होऊ द्या.

आता मशीनचं. वजन उतरलं की चेहराही उतरतो, मास्क सैल होतो. जुना दाब जास्त वाटतो, हवा पोटात जाते, ढेकरा येतात, डोळ्याकडे वारा लागतो. इथे माणूस म्हणतो, "आता गरज नाही वाटतं," आणि मशीन कपाटावर जातं. खरं तर ही मशीन नव्याने जुळवून घ्यायची वेळ असते. मास्कचा आकार बदला, दाब कमी करून घ्या. दर दहा-बारा किलोंनंतर एकदा मशीनचा डेटा दाखवा.

घोरणं थांबलं, म्हणून आजार गेला, हा दुसरा सापळा. घोरणं हा आवाज आहे आणि अडथळा ही शांतता. वजन उतरल्यावर आवाज आधी जातो. बायको म्हणते, "हे आता अजिबात घोरत नाहीत." मी तिला विचारते, आवाज नाही, पण छाती हलताना श्वास आत जाताना दिसतो का?

पुन्हा तपासणी

वजन साधारण वर्ष-दीड वर्षात तळाला जातं. सहा महिन्यांनंतर, आणि शक्यतो वजन स्थिरावल्यावर, पुन्हा झोपेची तपासणी करायची, मशीनशिवाय. त्याआधी किती रात्री मशीन बंद ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा.

अपेक्षा काय ठेवायची? एक जुना मोठा अमेरिकी अभ्यास सांगतो की वजन १० टक्के उतरलं की आकडा सरासरी २६ टक्के उतरतो. ऑपरेशनने वजन २५ ते ३० टक्के उतरतं, म्हणजे फायदा मोठा. पण २००९ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तीत ऑपरेशनआधीचा सरासरी आकडा ५४.७ होता आणि नंतरचा १५.८. हे दोन आकडे मी रुग्णांना कागदावर लिहून देते. ५४.७ वरून १५.८ म्हणजे जगण्यात जमीन-अस्मानाचा फरक. आणि तरीही १५.८ म्हणजे मध्यम आजार. वजन गेलं तरी जबडा तोच राहतो, वय वाढत जातं, बायकांची पाळी थांबते.

नव्या रिपोर्टवर आकडा ५ च्या खाली आणि दिवसा टवटवी असेल तर डॉक्टर मशीन बंद करायला सांगतात. ५ ते १५ मध्ये त्रास, बीपी, हृदय बघून ठरतं. कधी कुशीवर झोपण्याचे उपाय किंवा जबडा पुढे धरणारं दाताचं साधन पुरतं. १५ च्या वर मशीन चालू, फक्त कमी दाबावर. तोपर्यंत बहुतेकांना ते सोपंही झालेलं असतं.

इंजेक्शनचं बरेच जण विचारतात. टिर्झेपेटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये माउंजारो नावाने भारतात आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये ते लठ्ठपणासोबतच्या मध्यम-गंभीर स्लीप ॲप्नियासाठी मंजूर केलं होतं, आणि वर्षभराच्या चाचण्यांत तासाचे अडथळे सरासरी पंचवीस ते तीसने कमी झाले. ज्यांना ऑपरेशन नको किंवा झेपणार नाही त्यांच्यासाठी हा खरा पर्याय आहे. औषध थांबवलं की वजन परत चढू लागतं, हे धरून खर्चाचा हिशेब करा. पुन्हा तपासणीचा नियम इथेही तोच.

आणि ते मशीन विकायचं म्हणून फोन करणाऱ्यांना मी एकच सांगते: आधी रिपोर्ट, मग गिऱ्हाईक. रिपोर्ट चांगला आला तरी भाड्याचं असेल तर परत करा, स्वतःचं असेल तर वर्ष-दोन वर्षं ठेवा. तीन-चार वर्षांनी वजन थोडं परत चढणं सामान्य आहे, आणि त्याच जुन्या अभ्यासात १० टक्के वजन वाढलं की आकडा ३२ टक्के वाढला होता. नळी आणि टाकी पूर्ण वाळवा, मशीन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, डब्यावर शेवटच्या तपासणीची तारीख, आकडा आणि त्या दिवशीचं वजन लिहा. त्या वजनात सात-आठ किलो वाढले, किंवा डोंबिवलीला उतरायचं असताना कल्याणला जाग आली, की डबा खाली काढा आणि तपासणीची तारीख घ्या.